युकुलेलेच्या चार तारा आणि भूपाचे स्वर

इंग्लंडमधील अनेक प्राथमिक शाळांत पूर्वी मुलांना रेकॉर्डर ही साधी बासरी शिकवली जात असे. अलीकडे तिची जागा बऱ्याच ठिकाणी युकुलेले या चार तारांच्या छोट्या वाद्याने घेतली आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार जवळपास निम्मे रहिवासी आशियाई वंशाचे असलेल्या स्लाऊ या इंग्लंडमधील शहरात, पेटीच्या सुरांची सवय असलेल्या मराठी कुटुंबालाही हे वाद्य परके वाटण्याचे कारण नाही.

या वाद्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरील ‘माशेते’ या तंतुवाद्यात आहे. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून हवाईला गेलेल्या स्थलांतरितांमधील मानुएल नुनेस प्रभृती सुतारकाम जाणणाऱ्या कारागिरांनी तेथे त्याला आजचे रूप दिले, तर ब्रिटनमध्ये जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायक-नटाने १९३० च्या दशकात युकुलेले व बँजो यांच्या संकरातून झालेले बँजोलेले घरोघरी पोहोचवले.

पेटीवरील पांढरी एक हा षड्ज मानला, तर युकुलेलेच्या मोकळ्या तारा वरून खाली अनुक्रमे पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत अशा बोलतात. त्यांत पंचमाची पहिली तार षड्जाच्या तारेपेक्षा उंच असते. तारा चढत्या क्रमाने न लावण्याची ही पद्धत तंबोऱ्यात खर्जाची तार शेवटी येते हे ठाऊक असणाऱ्याला चमत्कारिक वाटणार नाही. भूपाच्या पाच स्वरांपैकी चार असे आपोआप मिळतात आणि षड्जाची तार दुसऱ्या पडद्यावर दाबली की उरलेला ऋषभही हाती येतो. मात्र पडदे स्थिर असल्याने मींड फारशी निघत नाही. धैवताची तार तिसऱ्या पडद्यावर दाबून चारही तारा छेडल्या की प, सा, ग आणि तार षड्ज एकत्र वाजतात; अनेक स्वरांच्या अशा एकत्रित मेळाला कॉर्ड म्हणतात, आणि सी नावाची ही कॉर्ड एका बोटाने साधत असल्याने नवशिक्याचा पहिला धडा बहुधा तिचाच असतो.

खरेदी करताना सुमारे ३३ सेंटिमीटर तारलांबीचे सोप्रानो आकाराचे युकुलेले लहान हातांना, तर ३८ सेंटिमीटरचे कॉन्सर्ट मोठ्यांच्या बोटांना सोयीचे पडते. बाराव्या पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या नेमक्या वरच्या सप्तकात बोलते का आणि खुंट्या फिरवल्यावर स्वर टिकतो का, हे दुकानातच पाहावे. सलग लाकडाचा नाद अधिक समृद्ध असला, तरी हिवाळ्यात हीटरने कोरड्या होणाऱ्या घरात त्याला तडा जाण्याची भीती असते. म्हणून पहिले वाद्य थर चिकटवून केलेल्या लाकडाचे घेणे व्यवहार्य ठरते. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात, त्यामुळे प्रत्येक वेळी वाद्य सुरात लावूनच सराव सुरू करावा. त्यातून हाताइतकाच कानही तयार होतो.