विरजण मातीतच आहे

थंडीच्या दिवसांत आमची आई विरजणाचे भांडे फडक्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवी. दुधाचे दही करणारे जिवाणू गारठ्यात मरत नाहीत, नुसते मंदावतात, हे मला पुढे शास्त्र शिकताना कळले. अंटार्क्टिकातील माती स्वच्छ करताना नेमकी हीच अडचण येते.

तेथील संशोधन केंद्रांना वीज आणि ऊब मिळते ती मुख्यतः डिझेलवर. कधी टाकी गळते, कधी नळी फुटते आणि तेल मातीत मुरते. उबदार, ओलसर मातीतले जिवाणू असे तेल हळूहळू खाऊन टाकतात. तेथे मात्र जमीन उन्हाळ्यात थोडेच आठवडे वितळते. दशके उलटली तरी तेल शिल्लक राहते.

तुम्ही म्हणाल, मग बाहेरून तेलखाऊ जिवाणू न्यावेत! पण १९९१च्या माद्रिद करारान्वये परके जीव तेथे नेण्यावर कडक बंधने आहेत. तशी गरजही नाही. विरजण मातीतच आहे. उणीव असते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रावर शास्त्रज्ञांनी दूषित माती खणून अस्तरावर तिचे ढीग रचले, खत मिसळले आणि आत हवा खेळवली. खत मात्र बेताने. जास्त झाले तर मातीतल्या थोड्याशा पाण्यात क्षार वाढतात आणि जिवाणूंनाच पाणी मिळेनासे होते.

भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रेही त्याच खंडावर आहेत. सांडायला एक क्षण पुरतो, निस्तरायला वर्षे लागतात. म्हणून टाकी गळू न देणे हाच पहिला उपाय.