सेव्हनच्या पोटात डिझेल

डिझेल इंजिन म्हटलं की आपल्या कानात आधी विहिरीवरचं किर्लोस्कर सुरू होतं. मग एसटी, मग ट्रक, मग ट्रॅक्टर. ओझं ओढायचं ते डिझेलने आणि पळायचं ते पेट्रोलने, अशी वाटणी आपण मनात केव्हाच करून टाकलेली असते. त्यामुळे इंग्लंडात घरच्या गॅरेजात दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार बांधणारे काही जण तिच्यात फोक्सवॅगनचं टर्बो डिझेल बसवतात हे ऐकलं की विपरीत वाटतं. माझं मत उलटं आहे. डिझेलची खरी ओढ बघायची असेल तर ते इतक्या हलक्या गाडीतच बघावं. दीड टनाच्या मोटारीत तिचा बराचसा भाग मोटारीचं स्वतःचं वजन हलवण्यातच खर्ची पडतो.

या गाड्यांची मूळ आई म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने ती 1957 मध्ये आणली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढच्या चाकांवर सुटे मडगार्ड, छप्पर असलंच तर कापडाचं. वजन पाचशे किलोच्या आसपास. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचं 1172 सीसीचं, जेमतेम 40 अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि तेवढ्यावरही ती चपळ होती, कारण तिला ओढायलाच फार काही नव्हतं. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून अनेक गिऱ्हाइकं खोकी घरी आणून गाडी स्वतःच जुळवत. 1973 मध्ये लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमला विकले, आणि केटरहॅम ती अजून बनवते.

खोकी विकत घ्यायलाही ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांचा प्रश्न रॉन चॅम्पियन या शिक्षकाने सोडवला. त्याचं पुस्तक 1996 मध्ये हेन्स प्रकाशनाने काढलं. अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं वचन त्याच्या नावातच होतं. एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट भंगाराच्या भावात घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल काढायचा, एक इंची चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून सेव्हनच्या धर्तीचा सांगाडा उभा करायचा. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं. सांगाडा एकदा आपल्या हातचा झाला की इंजिन कुठलं हे कंपनी ठरवत नाही. कुणी मोटारसायकलचं बसवलं, कुणी व्ही-8, कुणी माझ्दाचं रोटरी. डिझेलवाले त्यात थोडे, पण जिद्दीचे.

टर्बो आणि डिझेल यांचं का जमतं, याचं कारण सिलिंडरच्या आत आहे. पेट्रोल इंजिनात सहसा हवा आणि इंधन एकत्र दाबलं जातं. दाब वाढवत गेलं की ते ठिणगीची वाट न बघता पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. त्यामुळे टर्बोने किती हवा कोंबायची याला लवकर लगाम बसतो. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा. फोक्सवॅगनच्या 1.9 लिटर टीडीआयमध्ये ती साडेएकोणीस पट दाबली जाते आणि इतकी तापते की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेट घेतं. वेळेआधी पेटायला आत इंधनच नसतं. म्हणून जास्त हवा कोंबली की जास्त डिझेल जाळता येतं, आणि सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावरच टर्बोची चक्की फिरते. ही युक्ती जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने धुराच्या जोरावर हवा कोंबण्याचं पेटंट 1905 मध्येच घेतलं होतं.

शर्यतीच्या रस्त्यावरही डिझेल उतरलं ते आजकालचं नव्हे, आणि तिथे पुण्याच्या माणसाला ओळखीचं नाव भेटतं. कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना 1962 मध्ये आला. त्यातली मूळ अमेरिकन कमिन्स कंपनी इंडियाना राज्यातली, म्हणजे इंडियानापोलिस 500 या शर्यतीच्या शेजारची. 1931 मध्ये कमिन्सची डिझेल गाडी तिथे पाचशे मैल एकदाही न थांबता धावली. वेगाने मागे पडली, तेरावी आली, पण इंधनाला थांबली नाही. 1952 ची गोष्ट त्याहून मोठी. कमिन्सने 6.6 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आडवं झोपवून, त्याला टर्बो जोडून एक बुटकी गाडी आणली. इंडियानापोलिसला टर्बो लावलेली ती पहिलीच गाडी. फ्रेड अगाबाशियनने तिच्यात ताशी 138 मैलांची सरासरी काढून बाकी सगळ्या गाड्यांच्या पुढे पहिली जागा पटकावली. शर्यतीत मात्र 200 पैकी 71 व्या फेरीला ती बाद झाली. टर्बोचं तोंड खाली होतं आणि टायरांच्या रबराचा चुरा त्यात जाऊन बसला होता. घरी डिझेल बसवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंजिन चांगलं होतं, हवा घ्यायची जागा चुकली होती. पुढे 2006 मध्ये ऑडीच्या आर-10 ने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिझेलवर जिंकली, तेव्हा हा विषय मोठ्या शर्यतीपुरता तरी संपला.

घरच्या गाडीत येतं ते टीडीआयचं जुनं, गोल्फ-ऑडीतलं रूप. 1896 सीसी, 110 अश्वशक्तीच्या प्रकारात 1900 फेऱ्यांना 235 न्यूटन-मीटर टॉर्क. त्या पिढीतल्या फोर्डच्या 1600 पेट्रोल इंजिनाचा टॉर्क 130 च्या आसपास, आणि तोही बराच वर फिरवल्यावर मिळणारा. साडेसहाशे किलोच्या गाडीत हे 235 कसे लागतात याची कल्पना करा. गिअर न बदलता नुसता पाय दाबला की गाडी पुढे झेपावते. इंजिन ओरडत नाही, टर्बोची शीळ तेवढी ऐकू येते.

आता बसवायचं कसं ते बघू. अडचणींची सुरुवात होते तळातून. ज्याला आपले मेस्त्री चेंबर म्हणतात ते तेलाचं भांडं टीडीआयमध्ये खोल असतं. गोल्फ जमिनीपासून उंच असते, सेव्हन नसते. तसंच बसवलं तर पहिल्याच गतिरोधकावर चेंबर फुटणार. म्हणून ते खालून कापायचं, गेलेली जागा बाजूला रुंद करून भरून काढायची, आणि आत पत्र्याचे आडवे पडदे जोडायचे, नाहीतर वळणावर तेल एका कुशीला जाईल आणि पंप हवा ओढेल. तेल ओढणारी नळीही तेवढीच आखूड करावी लागते. नळीचं तोंड आणि तळ यांत फट किती राहिली हे बांधणारा मातीचा गोळा ठेवून, चेंबर एकदा बसवून आणि परत काढून मोजतो. गोळा किती चेपला तेवढी फट. अशा वेळी घाई करणाऱ्याचे बेअरिंग जळतात.

दुसरं काम लेथवाल्याचं. फोर्डचा टाइप-9 गिअरबॉक्स आणि फोक्सवॅगनचं इंजिन यांची बोल्टांची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत. मध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लागते. तिची भोकं पाडणं फारसं अवघड नाही, क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं अवघड. फ्लायव्हीलवर डायल गेज चिकटवायचं, क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि काटा किती हलतो ते बघत प्लेट केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायची. काटा स्थिर झाला की मगच डॉवेलची भोकं पाडायची. हे चुकलं तर गाडी चालते, पण गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागतं आणि दोष भलत्याच भागावर जातो.

मग येतं ते माझ्या मते सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम, गिअरच्या हिशेबाचं. डिझेलची जळण्याची चाल संथ, पिस्टन जड. साडेचार हजार फेऱ्यांच्या वर त्याला पळवण्यात अर्थ नाही. पेट्रोल गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधला 3.92 चा क्राऊन-पिनियन तसाच ठेवला, टाइप-9 चा पहिला गिअर 3.65 आणि चाकाचा एक फेरा 1.8 मीटरचा धरला, तर पहिला गिअर ताशी 34 किलोमीटरलाच संपतो. पाय दाबेपर्यंत दुसरा टाकायची वेळ. पाचव्यात, 0.82 च्या गिअरवर, चार हजार फेऱ्यांना गाडी ताशी 134 दाखवते. तोच क्राऊन-पिनियन 3.14 चा घातला की पहिला 42 पर्यंत जातो आणि पाचवा चार हजारांना 168 दाखवतो. इंजिन तेच, गाडी तीच, स्वभाव बदलला. ‘डिझेल टाकलं पण मजा नाही आली’ असं सांगणाऱ्याला मी आधी मागचा रेशो विचारीन. टाइप-9 ला एवढा टॉर्क फार सोसत नाही हेही खरं. हलक्या गाडीत तो टिकतो, पण इंजिनाची ताकद आणखी वाढवायची असेल तर दुसरा दणकट गिअरबॉक्स शोधावा.

बाकीचं भराभर सांगतो. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर लागतो. सेव्हनच्या नाकात रेडिएटरच कसाबसा मावतो, त्यामुळे दोघांना एकामागे एक उभं करावं लागतं. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे पुढचा भाग जड. तो जितका मागे, ड्रायव्हरच्या पायाशी सरकवता येईल तितका सरकवायचा, नाहीतर वळणावर गाडी नाक बाहेर काढते. उंचीमुळे बोनेटला फुगवटा द्यावा लागतो. आणि वायरिंग: या टीडीआयचा पंप बॉशचा, विजेच्या हुकमावर चालणारा. अ‍ॅक्सिलरेटरलाही केबल नसून सेन्सर. चावी ओळखणारं कुलूप मूळ गाडीच्या मीटरमध्ये दडलेलं. म्हणून जाणते लोक नुसतं इंजिन न घेता अख्खी अपघातग्रस्त गाडी घेतात. काही जण सगळी वायर बाजूला ठेवून जुन्या धाटणीचा यांत्रिक पंप चढवतात. मग इंजिन चालू ठेवायला एक वायर पुरते. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण रस्त्यात बंद पडलेली गाडी पान्याने दुरुस्त होऊ शकते.

या तर्कशास्त्राला शेवटपर्यंत नेणारा माणूस मात्र इंग्लंडात नाही, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात भेटतो. जॅक मॅकॉर्नॅक. आधी तो हलकी, एका माणसाची विमानं बनवायचा, मग लोकॉस्टचे सांगाडे विकू लागला. ‘मदर अर्थ न्यूज’ या मासिकाच्या साथीने त्याने ‘मॅक्स’ नावाची गाडी बांधली. लक्ष्य होतं एका गॅलनला शंभर मैल, म्हणजे लिटरला सुमारे साडेबेचाळीस किलोमीटर. इंजिन कुबोटाचं, छोट्या यंत्रांत असतं तसलं टर्बो डिझेल, 32 अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे चॅपमनच्या पहिल्या सेव्हनपेक्षाही कमी. 2008 मध्ये बर्कलीहून लास व्हेगासपर्यंत पेट्रोलियमविना पोहोचण्याची एक शर्यत झाली, ती त्याने वनस्पती तेलावर गाडी चालवून जिंकली. पुढची अडचण इंजिनाची नव्हती, वाऱ्याची होती. सेव्हनचा आकार देखणा असला तरी उघडी चाकं आणि सपाट काच वाऱ्याला आडवी येतात. शंभर मैलांचं लक्ष्य गाठायचं तर तिला निमुळती शेपटी आणि झाकलेलं अंग द्यावं लागलं. दिसायला ती मग सेव्हन राहिली नाही, पण कमी वजनात जास्त काम काढायचा चॅपमनचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरला.

डिझेलची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. जुन्या टीडीआयला काजळी गाळणारी जाळी नसते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर ते भरपूर सोडतं. 2015 मध्ये फोक्सवॅगनची धुराच्या चाचणीतली लबाडी उघड झाली तेव्हा नव्या डिझेलांबद्दलचाही विश्वास गेला. लंडनमध्ये युरो-6 च्या आधीचं डिझेल चालवायला आता रोजचा आकार पडतो, आणि ऑगस्ट 2023 पासून हा नियम सगळ्या लंडनला लागू आहे. मला तो रास्त वाटतो. गर्दीच्या शहरात मुलांच्या नाकासमोर हा धूर नको. पण अशा गाड्या वर्षाकाठी थोडंच अंतर धावतात, त्याही गावाबाहेरच्या रस्त्यांवर, आणि त्यांचं इंजिन भंगारात जाता जाता वाचलेलं असतं.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येता येतं, कारण एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करण्याची सोय तिथे आहे. 2009 पासून तिचं नाव आयव्हीए. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, अगदी बाहेरच्या कडा किती गोल आहेत इथपर्यंत सरकारी निरीक्षक बघतो. ज्या गाडीचं वय ठरवता येत नाही तिला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांमुळे कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपलीकडे गाडी बदलणंही मुश्कील आहे. मग मुळापासून बांधलेली गाडी आरटीओत पास करून घेण्याची गोष्टच सोडा. सुरक्षेची काळजी मला समजते. पण ती तपासणीने घेता येते, बंदीनेच घ्यावी असं नाही.

माल आणि हात इथे दोन्ही आहेत. फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसीचं, 190 न्यूटन-मीटरचं, पुण्याजवळ रांजणगावला तयार व्हायचं. इंडिका व्हिस्टापासून अनेक गाड्यांत ते गेलं आणि बीएस-6 येताना 2020 मध्ये थांबलं. आकाराने ते टीडीआयपेक्षा लहान, त्यामुळे सेव्हनच्या सांगाड्यात सहज मावेल. आणि दरवर्षी पुणे-सांगलीकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुलं-मुली पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून अख्खी गाडी उभी करतात, चढावर आणि चिखलात ती चालवून दाखवतात. स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या शेडमध्ये परत जाते. तिला रस्त्यावर आणण्यासाठी अर्ज करायचा तर कुठला फॉर्म भरायचा, याचं उत्तर आज कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. ते मिळावं यासाठी आयव्हीएसारखी एक तपासणी पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेला सहज घेता येईल.