एका फुटाची विक्रांत

दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण सगळेच एक गोष्ट खुशाल खपवून घेतो. विटा-मातीचा डोंगर, त्यावर उगवलेले अळीव, पुठ्ठ्याचा महादरवाजा आणि त्या दरवाजासमोर पहाऱ्याला उभा केलेला मातीचा मावळा. हा मावळा दरवाजापेक्षा चांगला बोटभर उंच असतो. शेजारचा वाघ तोफेहून मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्याला पुरून उरणारे. पण प्रमाण चुकले, असे कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. तिथे माप मनाचे असते, फूटपट्टीचे नव्हे.

पण जगात एक जमात अशीही आहे, की जिला हा मावळा झोप लागू देणार नाही. दरवाजा इतका, तर माणूस किती; माणूस इतका, तर त्याच्या हातातला भाला किती, याचा हिशेब मांडल्याशिवाय ही मंडळी हात चालवत नाहीत. युद्धनौका आणि नौदलाची विमाने यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्यांची ही जमात. घरच्यांच्या भाषेत ‘जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसणारे’!

या छंदाचे गणित मोठे गमतीचे आहे. विमानांसाठी सर्वांत रुळलेले प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांना प्रतिकृतीत एक इंच. जहाजे अवाढव्य, म्हणून त्यांच्यासाठी एकास साडेतीनशे किंवा एकास सातशे. आता आपली जुनी ‘विक्रांत’ घ्या. तिची लांबी सुमारे ७०० फूट. एकास सातशे प्रमाणात ती झाली बरोबर एक फूट! शाळेतल्या पट्टीएवढी. या एका फुटात धावपट्टी, राडारचा मनोरा, विमाने वरखाली नेणाऱ्या लिफ्ट, तोफा, होड्या असे सगळे बसवायचे. आणि डेकवर उभा असलेला खलाशी? तो अडीच मिलिमीटरचा. म्हणजे तिळाएवढा. त्या तिळाला हात, पाय आणि टोपी देणारे लोक आहेत, आणि तो तीळ ज्याला धरून उभा राहील तो केसासारखा बारीक पितळी कठडा चिमट्याने बसवणारेही आहेत.

खोक्यातले जहाज

बाजारात मिळणाऱ्या खोक्याला ‘किट’ म्हणतात. खोके उघडले, की करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. चिंचेच्या झाडाला चिंचा लोंबाव्यात तसे त्यांना शेकडो लहानमोठे भाग लगडलेले असतात. प्रत्येकाला क्रमांक. ते कापून काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, जोडायचे. जोडताना वापरतात तो द्रव खरे तर डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून एकदा चुकीचे चिकटले, की ते सोडवणे जिकिरीचे! रंगानंतर पाण्यात भिजवून सरकवायची चित्रे येतात : तिरंगी वर्तुळ, विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रनचे चिन्ह. जहाजाची एरियलची तार हवी असेल तर त्याच चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरतात आणि मऊ झाली की दोन्ही हातांनी झटकन ताणतात. पाकातून तार निघावी तसा प्लॅस्टिकचा धागा निघतो. तीन चाकांचे विमान शेपटीवर कलंडू नये, म्हणून त्याच्या नाकात गळाला लावायचे शिसे लपवतात. एकंदरीत यात निम्मे काम सोनाराचे, पाव सुताराचे आणि उरलेले स्वयंपाकघरातले.

हा उद्योग फार जुना नाही. १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ या कंपनीने संपूर्ण प्लॅस्टिकची विमाने विकायला काढली. त्यांची उडणारी खेळणी ‘फ्रॉग’ नावाने विकली जात. ही नवी विमाने उडत नव्हती, म्हणून त्यांना नाव दिले ‘पेंग्विन’! पाठोपाठ महायुद्ध आले आणि खेळाला कामाचे रूप आले. विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यात क्षणाची चूकही जीवघेणी. म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडे मागणी नोंदवली : पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती. प्रमाण अर्थात एकास बहात्तर. तेवढे विमान ३५ फुटांवर टांगले, की सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. त्यांवर नजर तयार करून तोफची समुद्रावर गेले.

युद्धानंतर ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीने हा छंद सामान्य घरात नेला. १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने ती काढली, तेव्हा ती हवा भरलेली रबरी खेळणी करीत असे. १९५२ मध्ये तिने ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या गलबताचे छोटे किट दोन शिलिंगांना विकायला ठेवले आणि पोरांच्या खाऊच्या पैशांत जहाज मिळू लागले. पुढे जपानमधल्या शिझुओका शहरातल्या चार कंपन्यांनी एक वेगळेच शहाणपण दाखवले. एकमेकींशी झुंजण्याऐवजी त्यांनी युद्धनौका आपसांत वाटून घेतल्या आणि एकास सातशे प्रमाणातली मालिका काढली. पाण्याखालचा भाग नाही, फक्त वरचा. त्यामुळे टेबलावर ठेवले की टेबलच समुद्र! ते वर्ष होते १९७१.

कोणती विक्रांत?

१९७१ म्हटले की आपल्याला दुसरेच काही आठवते. डिसेंबरमधले युद्ध, बंगालचा उपसागर, आणि ‘विक्रांत’वरून उडालेली सी हॉक व अलीझे विमाने. चारांपैकी एका बॉयलरने दगा दिलेला असताना ही नौका मोहिमेवर गेली, आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बझार, चितगाव इथे हल्ले केले. हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ऐकलेले आणि घडवलेले यांत फरक असतो. तो या छंदात पडल्यावर कळतो.

कारण प्रतिकृती करायला बसलात, की पहिलाच प्रश्न येतो : कोणती विक्रांत? ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला आपल्या नौदलात दाखल झालेली? १९७१ची? की ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झालेली? नाव एकच, पण जहाज एकच नव्हे. १९७१च्या विक्रांतचे डेक पुढे सपाट होते आणि विमानांना वाफेच्या जोरावर भिरकावणारे कॅटापुल्ट तिच्यावर होते. १९८०च्या दशकात सी हॅरियर आली. ही विमाने थोड्याच धावेत उडतात, उभी खाली उतरतात. मग कॅटापुल्ट निघाले आणि डेकच्या टोकाला घसरगुंडी उलटी करावी तसा वर जाणारा उतार आला. त्या उताराच्या विक्रांतवर ओळीने सी हॉक मांडली, की पाहणारा घरी जाऊन समाधानाने सांगेल, “छान होती हो!” पण जाणकार हळूच विचारील, “ही कोणत्या सालातली?”

इथून शोध सुरू होतो, आणि खरा छंद तोच. मोठ्या परदेशी कंपन्यांच्या याद्यांत ब्रिटन, अमेरिका, जपान, जर्मनी यांच्या नौकांची रेलचेल. आपल्या नौदलाला त्यांत जागा फार थोडी. मग विक्रांत करायची तर काय करायचे? तिची सख्खी भावंडे ऑस्ट्रेलियाच्या आणि कॅनडाच्या नौदलांत होती. त्यांचे आराखडे पाहायचे. जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरायची. वळचणीला पडलेली तोफ उजवीकडे होती की डावीकडे, यासाठी तिच्यावर नोकरी केलेल्या कोणा निवृत्त अधिकाऱ्याला गाठायचे. विमानांसाठी मात्र आपल्या हाताशी एक घबाड आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. १९९८ साली उघडलेल्या या संग्रहालयाच्या अंगणात सी हॉक आणि अलीझे प्रत्यक्ष उभी आहेत. गोव्याला गेलेली माणसे सहसा समुद्राकडे तोंड करून बसतात. हा छांदिष्ट मात्र सी हॉकच्या पोटाखाली वाकून चाकाच्या झडपेचा फोटो घेत असतो. जेटचा धूर शेपटीतून न निघता पंखांच्या मुळाशी दोन बाजूंनी का निघतो, हे त्याला त्या दिवशी कळलेले असते, आणि ते तो बायकोला सांगितल्याशिवाय राहात नाही.

लोखंड गेले, मग?

इतका खटाटोप कशासाठी? उत्तर मुंबईच्या दारुखान्यात आहे. निवृत्तीनंतर विक्रांत मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. कितीतरी आईबापांनी मुलांचा हात धरून तिचे डेक दाखवले. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले. तिला वाचवण्यासाठी लोक न्यायालयापर्यंत गेले. यश आले नाही. २०१४च्या अखेरीस दारुखान्यात तिचे तुकडे होऊ लागले. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ मध्ये एका मोटारसायकलीत उतरला. काही अंशातून मुंबईतच एक स्मारक उभे राहिले. ‘विराट’ची कथा फार निराळी नाही. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावाला २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. पण सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगच्या वाटेला लागली आणि तिथे मोडली गेली.

जहाजे सांभाळणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. खारे पाणी पोलाद खाते, डागडुजीला कोट्यवधी रुपये लागतात, आणि भावनेने गंज थांबत नाही. पण म्हणूनच त्या एका फुटाच्या प्रतिकृतीचे मोल वाढते. ज्या जहाजावर आता कोणालाही चढता येणार नाही, त्याची शिडी कुठे होती, होड्या कशा टांगल्या होत्या, विमाने पंख मिटून कशी उभी राहात, हे कोणीतरी खात्री करून, पुरावा जमवून, तीन मितींत मांडून ठेवलेले असते. फोटो एकाच बाजूने बोलतो. प्रतिकृतीला मागून, वरून, खालून, कुठूनही प्रश्न विचारता येतो. आणि करणाऱ्याला त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी शोधावेच लागते. आपल्याकडे इतिहास गाण्यात, पोवाड्यात, भाषणात भरपूर सापडतो, मोजमापात कमी. ही मंडळी ती उणीव घरबसल्या, स्वखर्चाने, इंचाइंचाने भरून काढतात.

प्रतिकृती म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने दीवला जावे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. तिथे किनाऱ्यावरच्या टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून, काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे. खरी खुकरी तळाशी आहे. ज्यांची माणसे तिच्याबरोबर गेली, त्यांना फूल वाहायला, नुसते पाहायला, हेच एक जहाज आहे.

“पण हे शेवटी युद्धाचे खेळणेच ना?” असा आक्षेप काहीजण घेतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तोफा जोडताना कोणाच्या अंगात वीरश्री संचारत असेल, तर ती पहिल्या तासाभरात ओसरते. उरते ते दुसरेच. इतक्या चिंचोळ्या पत्र्याच्या पेटीत शेकडो माणसे महिनोन् महिने राहिली. तिळाएवढी दिसणारी ही माणसे याच कठड्याला धरून उभी होती. एवढ्याशा पट्टीवर रात्री विमान उतरवायचे, तर छातीत काय होत असेल! हे कळायला पुस्तकापेक्षा चिमटा अधिक उपयोगी पडतो. युद्धाचा थाट दुरून दिसतो. जवळून दिसतात ती माणसे.

घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल आणि येत्या सुटीत त्याला या वाटेला लावायचे असेल, तर सुरुवात जहाजाने करू नये. एकास बहात्तरचे, थोड्या भागांचे, एका पंख्याचे किंवा जेटचे विमान आणावे. ब्लेड मोठ्यांच्या हातात असावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण रंग आणि थिनर यांचा वास डोक्यात जातो. पैसे जपून वापरायचे असतील तर पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि बाल्सा लाकूड यांवरही उत्तम काम होते. एनसीसीच्या नौदल शाखेत तर जहाजाच्या प्रतिकृती करणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. पहिले विमान वाकडे होईल, काचेवर बोटाचा ठसा उमटेल. उमटू द्यावा. फक्त एक करावे : मुलाने विमान पुरे केले, की त्याला विचारावे, “हे कुठले, कोणत्या सालातले, आणि यात कोण बसत असे?”

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर. एकास सातशेच्या हिशेबाने साधारण पंधरा इंच. त्याच दिवशी नौदलाचा ध्वज बदलला. नव्या ध्वजावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला. तेव्हा ही विक्रांत करणाऱ्याला काठीवर कोणता झेंडा लावायचा, याचा विचार पडायचे कारण नाही. जुनी शेजारी ठेवलीत, तर मात्र तिचा झेंडा जुनाच ठेवा. कपाटातल्या त्या फळीवर दोघी, एक फुटाची आणि पंधरा इंचांची, आपापल्या सालात उभ्या राहतील.