टायर दोन मिलिमीटरने लहान केला, तर नेमकं काय काय बदललं?

रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती कधी पाहिल्यात? मुलांच्या खेळण्यातल्या नव्हे. अमेरिका-युरोपात हॉलमध्ये कार्पेट अंथरून त्यावर घेतात, त्या. ओहायोतल्या क्लीव्हलंडची थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातली स्पर्धा तर चांगलीच नावाजलेली आहे. यातल्या १/१२ मापाच्या गाड्यांना फोमचे टायर असतात. स्पर्धक ते छोट्या लेथवर घासून साधारण ४० ते ४५ मिलिमीटर व्यासाचे करतात. (हो, विकत घेतलेल्या फोमचा बराचसा भाग धूळ होऊन जातो.)

कार्पेटची पकड जबरदस्त असते, त्यामुळे वळणावर गाडी घसरण्याऐवजी उलटते. गणित सोपं आहे: चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. घर्षणांक या उत्तरापेक्षा मोठा झाला की गाडी उलटणार. टायर लहान केला की गाडी खाली बसते, फोमही कमी दबतो. म्हणून ४३ चा ४१ केला, गाडी उलटायची थांबली, पण फेरीचा वेळ वाढला. निष्कर्ष काय? ‘लहान टायर हळू’?

थांबा. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, त्याला रोलआउट म्हणतात. या गाड्यांत तो काढायला टायरचा परीघ गुणिले मोटरवरच्या पिनियनचे दात, भागिले मोठ्या स्पर गिअरचे दात. समजा पिनियन ४८, स्पर ७२. टायर ४३ असताना रोलआउट ९०.१ मिलिमीटर, ४१ वर ८५.९. म्हणजे तुम्ही नकळत गिअरही बदललात! पिनियन ५० दातांचा लावला तर ८९.४, बऱ्यापैकी जवळ. शिवाय अॅक्सल १ मिलिमीटर खाली आला. गाडीचं पोट आणि कार्पेट यांत अंतरच मुळात तीन-चार मिलिमीटर, त्यातला एक गेला. तेही परत जुळवायचं का? इथे प्रश्न नीट मांडावा लागतो. गाडी खाली बसल्याचा परिणाम हवाय, की फक्त फोमच्या जाडीचा? दोन्हींसाठी चाचणी वेगळी.

हे मी हौसेने वाचत बसलो, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझे चार महिने असेच गेले. फिल्मची जाडी वाढवत होतो. जाड फिल्म बनायला वेळ लागतो, म्हणून ती गरम प्लेटवर जास्त वेळ राहायची. आलेख झकास आला होता. गाईडनी एकच विचारलं, ‘हा परिणाम जाडीचा की तापण्याचा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, सगळे नमुने परत केले.

आणखी एक भानगड. दिवसभर गाड्या धावल्या की कार्पेटची पकड वाढत जाते, आणि तिकडे फोम झिजत असतो. सकाळी ४३, दुपारी ४१ अशी तुलना करून उपयोग नाही. घासलेला फोम परत वाढत नाही, त्यामुळे दोन सेट लागतील. आधी ४३, मग ४१, मग पुन्हा ४३ चालवा. प्रत्येक फेरीनंतर बॅटरी पूर्ण चार्ज करा, व्हर्नियरने व्यास मोजा. दोन्ही वेळच्या ४३ मध्येच अर्ध्या सेकंदाचा फरक आला, तर ४१ बद्दल अजून काहीच लिहू नका.