कावीळ उतरली, पण अल्ब्युमिन किती?

शुक्रवार पेठेत आम्ही घरोघरी बसतो, तेव्हा गादीखालून रिपोर्टांची पिशवी निघते. "एसजीपीटी कमी आलंय, आता बरं हाय," घरची ताई सांगते. माणसाचे पाय मात्र सुजलेले, पोट फुगलेले. पंचशील घेतलेल्या घरात दारूचे नाव काढायला संकोच वाटतो, आणि त्या संकोचात महिने निघून जातात.

यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीओटी, एसजीपीटी रक्तात वाढतात. पण दारूने यकृत जून, कडक झाले की इजा व्हायला पेशीच कमी उरतात आणि आकडा आपोआप उतरतो. त्यावर समाधान मानू नये.

यकृत अजून किती काम करते, हे त्याने बनवलेली प्रथिने सांगतात. अल्ब्युमिन हे त्यातले मुख्य. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असावे. ते रक्तातले पाणी धरून ठेवते; २.८ च्या खाली गेले तर दुखणे गंभीर समजतात. मात्र हा आकडा आठवड्यांनी हलतो. रक्त गोठवणारी काही प्रथिने काही तासांतच संपतात, म्हणून 'पीटी' ही तपासणी लवकर इशारा देते.

दारूमुळे यकृताला सूज येऊन कावीळ झाली असेल, तर डॉक्टर एक गणित मांडतात. रुग्णाचा पीटी १९ सेकंद, तुलनेचा १३, फरक ६. त्याला ४.६ ने गुणले की २७.६. त्यात बिलिरुबिन ९ मिळवले, झाले ३६.६. बेरीज ३२ किंवा त्याहून जास्त आली, तर महिन्याभरात दगावण्याचा धोका मोठा. अशा वेळी झाडपाल्यात दिवस घालवू नयेत; सिव्हिल गाठावे, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्यावेत.

कावीळ म्हटली की आपल्याकडे अंडी, डाळ बंद होते. हे कोणी सुरू केले कोण जाणे! या रुग्णाला प्रथिने जास्तच लागतात. डॉक्टरांना विचारून अंडे, डाळ, दूध द्यावे, रात्री झोपण्याआधीही थोडे खायला द्यावे.

दारू सुटली तर पुष्कळांचे आकडे सुधारतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडली, तर हातपाय थरथरतात, झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बरळणे, दिवसा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.