गाडी लागणे, चक्कर येणे आणि त्यावरच्या गोळ्या



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा, पाचट यांवर लिहावे. गोळ्या-औषधांवर कशाला, असे काही जण म्हणतील. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. त्यानंतर जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

मागे आपल्या सभासदांची सहल मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला नेली होती. जेजुरी-सासवडवरून जाताना दिवे घाटात दरवेळी चार-पाच जणांना गाडी लागते. म्हणून मी औषधाच्या दुकानातून गोळ्यांच्या पट्ट्या घेतल्या आणि मागेल त्याला वाटल्या. घाटात कुणाला उलटी झाली नाही. मांजरीला मात्र बेण्याची माहिती चालू असताना निम्मी मंडळी झाडाखाली पेंगत होती. आम्ही हसलो. परतीला घाट चढण्याआधी एका सभासदाने दुसरी गोळी घेतली. रात्री कारखान्यावर उतरून ते मोटारसायकलने घरी निघाले आणि वाटेत डोळा लागून गाडीसकट चारीत गेले. जीव वाचला, पण खांद्याचे हाड मोडले. या गोळीने झोप येते, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

गाडी लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. कानाच्या आत खोलवर तीन अर्धगोल नळ्या आहेत. त्यांत द्रव असतो. डोके हलले की तो हलतो आणि मेंदूला खबर जाते. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसल्यावर कान सांगतो, ‘आपण वळतोय, आदळतोय’. डोळ्यांना तर समोरचे बाक जागच्या जागी दिसते. दोन खबरी जुळत नाहीत, मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळ सुटते. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधीच दिसते. पेपर वाचत बसणाऱ्याला मात्र लवकर लागते.

या औषधांचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरला अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डॉक्टरांनी नवे औषध दिले. तिला ट्राममध्ये बसले की नेहमी मळमळायचे, ते एकदम थांबले. तेच औषध म्हणजे ड्रामामिन. अवोमिन म्हणून मिळणारी गोळी त्याच जातकुळीतली. म्हणजे मुळात ही पित्त-खाजेवरच्या औषधांची मंडळी, आणि त्यांची जुनी खोड म्हणजे गुंगी. बांधावरच्या धोतऱ्यातही गाडी लागण्यावर चालणारे एक द्रव्य आहे, पण धोतरा कुणी तोंडात घालू नये. त्यात विष किती, हे घरी मोजता येत नाही आणि माणूस दगावतो.

गोळी घ्यायचीच तर निघण्याआधी अर्धा ते एक तास, अवोमिनसारखी असेल तर त्याहूनही थोडी आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. जुलाब-उलटीत देतात ती ऑनडॅनसेट्रॉनची गोळी गाडी लागण्यावर फारशी चालत नाही. गोळी घेतलेल्याने त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये आणि रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जाऊ नये. वर दारू तर मुळीच नको. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलाला अवोमिन नकोच. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक यांनी काहींना बरे वाटते. गुण येवो न येवो, झोप तरी येत नाही.

आता चक्कर. ‘चक्कर येतीय’ एवढेच सांगून आपण दुकानातून गोळी आणतो, तिथेच घोटाळा होतो. आपल्या बोलीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते डॉक्टरांपुढे नीट वापरावेत. घर फिरल्यासारखे वाटते ते गरगरणे, आणि ते बहुधा कानाचे असते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ते बहुधा रक्तदाब उतरल्यामुळे. चालताना झोकांड्या जातात तो प्रकार आणखी निराळा.

कुशीवर वळले की अर्धा-एक मिनिट गरगरते, हा प्रकार वयस्कर सभासदांत बराच दिसतो. कानात चुन्याचे बारीक खडे असतात, अगदी आपल्या इंदापूरकडच्या जमिनीतल्या चुनखडीचेच द्रव्य. ते जागा सोडून नळीत गेले की डोके फिरते. यावर मुख्य उपाय गोळी नव्हे. डॉक्टर रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे जागेवर आणतात. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांची ही रीत १९९२ साली छापून आली. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. तरीही लोक स्टेमेटिल किंवा स्टुजेरॉन महिनोन्‌महिने खातात. दोन-चार दिवस ठीक; पुढे मेंदू स्वतः तोल सावरायला शिकतो, त्यालाच या गोळ्या आडव्या येतात. स्टुजेरॉन फार दिवस चालली तर म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू लागतात. स्टेमेटिलने एखाद्या तरुणाची मान वाकडी होते आणि घरचे बाहेरचे काही लागले म्हणून धावतात. व्हर्टिनने गुंगी कमी येते, पण दमा किंवा पोटात अल्सर असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

काही वेळा तर गोळी शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे. हुमणी किंवा खोडकिड्यासाठी क्लोरपायरीफॉस वापरताना चक्कर आली, लाळ-घाम सुटला, डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर ती विषबाधा आहे. कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. एकदम चक्कर येऊन जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या साडेचार तासांतच होतो. १०८ ला फोन करावा. साखरेच्या रुग्णाने इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी उसात काम केले आणि चक्कर आली, तर शुद्धीवर असेपर्यंत आधी साखर द्यावी.

यापुढच्या सहलीला ज्यांना गाडी लागते त्यांनी गट ऑफिसात नाव आधी कळवावे. पुढच्या बाकावरच्या खिडकीकडच्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेवू. निघताना पोटभर मिसळ खाऊ नये आणि घाटात नजर लांबवर ठेवावी. गोळी ज्याने त्याने डॉक्टरांना विचारून आणावी, आणि घेतली असेल तर गाडीत बसतानाच मला सांगावे, म्हणजे रात्री घरी पोचवण्याची सोय करता येईल.