ओला गाळ आणि डंपिंग ट्रॉली

गेल्या महिन्यात तमिळनाडूत कुंभकोणमहून अणैकराईकडे जाताना तिरुप्पनंदाळजवळ थांबलो. भाताच्या रानात तळ्याचा गाळ टाकणं चालू होतं. ट्रॉलीचा हौदा पूर्ण वर गेला, पण पुढच्या कोपऱ्यातला काळा चिकट गाळ जागचा हलेना. एक जण फावडं घेऊन हौद्याखाली शिरला आणि माझ्या काळजात धस्स झालं.

आपल्याकडेही ‘गाळयुक्त शिवार’ योजनेत हेच काम चालतं, म्हणून लिहितोय.

ट्रॉली घेताना आपण ‘किती ब्रास बसतं?’ एवढंच विचारतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढी ओली माती साडेचार-पाच टन भरते. त्यामुळे पाच टनी ट्रॉलीला फळ्या लावून उंची वाढवू नका.

चिकट मातीसाठी हौदा मागे किंचित रुंद असलेला बघा, माल लवकर सुटतो. राडारोड्यासाठी तळाचा पत्रा जाड हवा आणि फाळका वरच्या बिजागरीवर उघडणारा.

दोनचाकी ट्रॉली बांधावर झटकन वळते, पण तिचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. छोट्या ट्रॅक्टरला हे जड जातं.

हौदा उचलताना जमीन सपाट हवी. गाळ एका बाजूला चिकटून राहिला की ट्रॉली कलंडते. वर विजेच्या तारा आहेत का, तेही बघा.

आणि लोखंडी टेकू लावल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली कुणालाही जाऊ देऊ नका. जॅकचा पाइप फुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही.

तुमचा ट्रॅक्टर किती एचपीचा, माती कोणती, ते कळवा. जमेल तेवढं नक्की सांगेन.